बेटावरचा मुक्काम : गिरणेच्या वाळूत दुसरी चाचणी

जळगावात बसून समुद्रातल्या बेटावर तंबू टाकायचं म्हटल्यावर घरचे हसले. मित्र तर सरळ म्हणाला, "भो, समिंदर कठे नी तू कठे!" तरी काम पुढे सरकलंय.

आधी बेटाचं. सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिरा, अलिबागचा कुलाबा अशी यादी केली आणि एकेक नाव खोडत गेलो. सगळे पुरातत्त्व खात्याचे संरक्षित किल्ले. दिवसा फिरा, रात्री तंबू नाही. म्हणून बेत बदलला. तंबू अलिबागेत किनाऱ्यालगतच्या एखाद्या वाडीत, मालकाला विचारून, आणि कुलाब्याला ओहोटीत पायी.

पण पायी जायचं तर तिथी आली. कोकणातला हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते, आणि सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला. उधाण असल्याने पाणी लांब हटतं, पण संध्याकाळी साडेपाचला. किल्ला बघून परतेस्तोवर अंधार. अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी बाराला, पण ती भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट, पाणी पुरेसं उतरत नाही. चतुर्थी मात्र बसते : चारची पाऊणपट तीन, ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. संकष्टी धरली तर किल्ल्यातल्या गणपतीचं दर्शनही होईल. तोटा एवढाच, उपासामुळे शेवभाजीचा डबा घरीच राहणार. हा सगळा अंदाज. निघण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघणार आणि तिथल्या कोळ्यांनाही विचारणार.

आता वाळूचं. पहिल्या चाचणीत गिरणेच्या पात्रात नेहमीच्या लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या. हिवाळ्यात आपल्या काळ्या मातीतून अशी खुंटी उपटायला दोन माणसं लागतात. इथे दोन बोटांनी निघाली. रात्री दोनला वारा सुटला आणि कापड तोंडावर.

या वेळी युरियाच्या रिकाम्या गोण्या कापून लहान पिशव्या शिवल्या. वाळू भरली, मधोमध दोरी बांधली, हातभर खोल आडव्या पुरल्या आणि वरून पायाने दाबल्या. दोघांनी ओढूनही हलल्या नाहीत. केळीच्या खोडाचे तुकडेही पुरून पाहिले. फुकटचा माल, पण दोरी सालीवरून सटकते. खाच पाडली की धरतं, फक्त चिकाचे डाग हातावरून आठवडाभर जात नाहीत. शर्टाचं तर विचारूच नका.

राहिला दमटपणा. आपल्याकडे तंबूला आतून घाम आला तरी उन्हं वर आली की सुकतो. किनाऱ्यावर ती सोय नाही. म्हणून पुढची चाचणी हतनूर धरणाच्या पाण्याकाठी. डासांपायी तंबूची वरची खिडकी मीच शिवून बंद केली होती, ती सध्या उसवतोय.