रबरी बोटीला किती एचपीचं इंजिन? आधी वजन बघा

आमच्या पक्षीवाल्या ग्रुपने रबरी बोट घेतलीये, 3.3 मीटरची, पीव्हीसीची, खाली घालायला अॅल्युमिनियमच्या फळ्या आहेत. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला चक्रवाक, लालसरी वगैरे मंडळी उतरतात त्यांची गणना करायला. बोट आल्यापासून ग्रुपवर एकच विषय चालू आहे, इंजिन कोणतं घ्यायचं. पूर बचाववाले याला ओबीएम म्हणतात, म्हणजे आउटबोर्ड मोटर, बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. आणि भुसावळला काय, जळगावला काय, ज्याला सांगावं तो पहिला प्रश्न एचपीचा विचारतो. माझं म्हणणं असं की आपल्या भागात पहिला प्रश्न किलोचा पाहिजे, एचपी नंतर.

का ते सांगतो. हतनूर धरण तापीवर, पण वर चांगदेवपाशी पूर्णा येऊन मिळते आणि ही पूर्णा वऱ्हाडातली काळी माती घेऊन येते. धरण गाळाने खूप भरलंय. पावसाळ्यात 41 दरवाजांतून पाणी सोडतात, नंतर साठा होतो, आणि जसजसं पाणी कालव्याला-पिण्याला जातं तसतसा काठ मागे सरकतो. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत गाडी जिथं थांबते तिथून पाणी लांब असतं आणि मधे सगळा चिखल, वरून वाळलेला दिसतो आणि पाय ठेवला की पोटरीपर्यंत जातो. धक्का नाही, रॅम्प नाही, ट्रेलर पाण्यात घालायचा प्रश्नच नाही. बोट हातानं, इंजिन हातानं, पेट्रोलची टाकी हातानं. चांगदेवचे एक मच्छीमार आबा आहेत, त्यांनी बोट बघितली आणि पहिलं हेच विचारलं, "इंजिन कोन उचलई भो?"

तर वजनाचा हिशोब असा. 2.5 ते 3.5 एचपीचं फोरस्ट्रोक साधारण 17-18 किलो, एक माणूस उचलतो. 4, 5, 6 एचपीचं 25-26 किलो. 8 आणि 9.9 ला गेलं की एकदम 37 ते 45 किलो, आणि 15 चं फोरस्ट्रोक तर त्याच्याही वर. टूस्ट्रोक 15 हलकं असतं, 36-37 किलोत बसतं, म्हणून आमच्यातले दोघं त्याच्यावर अडून बसले होते, की घ्यायचं तर पंधराचंच घ्या, जीव राहतो इंजिनात. पण आमच्या बोटीच्या मागच्या फळीवर जी प्लेट चिकटवलेली आहे तिच्यावर जास्तीत जास्त 10 एचपी लिहिलंय. तो आकडा शोभेला नसतो. मागची फळी, जिला ट्रान्सम म्हणतात, ती पीव्हीसीच्या ट्यूबला गमनेच चिकटवलेली असते, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमधे 44-45 डिग्रीत तो गम मऊ पडतो. वर जड इंजिन लटकवून खडबडीत पाण्यात आपटत गेलं तर फळी सुटायची. शिवाय मागे जास्त वजन आणि पुढे कोणीच नाही असं झालं की तोंड वर उठतं, आणि त्यात समोरून वारा घुसला तर बोट पालथी होऊ शकते. पंधराचा विषय तिथंच संपला.

आता स्पीडचं. लोकांना वाटतं एचपी डबल म्हणजे स्पीड डबल. तसं नसतं. एवढ्या लांबीची बोट पाणी कापत चालते तेव्हा तिची मर्यादा ताशी सात-आठ किमीच्या आसपास येते, आणि तिथपर्यंत साडेतीन एचपी पण नेऊन पोचवतं. त्याच्या पुढे जायचं तर बोट पाण्यावर उचलली जायला लागते, प्लेनिंग म्हणतात त्याला, आणि दोन-तीन माणसं, दुर्बिणी, स्कोप, ट्रायपॉड, पाणी, डबे धरून ते व्हायला 8-10 एचपी लागतं. मधलं जे आहे ना, म्हणजे 5-6 वालं, त्यानं तीन माणसांत प्लेनिंग होत नाही. मग ते घ्यायचं कशाला असं आमचे सर म्हणाले, आणि प्रश्न बरोबर आहे.

उत्तर वाऱ्यात आहे. हतनूरला दुपारनंतर उघड्या पाण्यावर वारा सुटला की लाटा येतात आणि रबरी बोट पाण्यात बसतच नाही, वरवर तरंगते, त्यामुळं वारा तिला आडवी नेतो. अशा वेळी अडीच-साडेतीनचं इंजिन फुल रेस करून कसंबसं पुढे सरकतं, सहाचं अर्ध्या रेसवर निवांत ओढतं. आणि गंमत अशी की 4, 5 आणि 6 बहुतेक कंपन्यांत एकाच ब्लॉकचे असतात, एकच सिलेंडर, वजन तेच, फक्त कार्बोरेटर वगैरे वेगळा. म्हणजे 26 किलो उचलायचेच आहेत तर चारचं कशाला घ्यायचं. दुसरं, साडेतीनपर्यंतच्या इंजिनांना टाकी वरतीच असते, लिटर-सव्वा लिटरची, मधे पाण्यात हेलकावे खात पेट्रोल ओतत बसायचं म्हणजे सांडणार, आणि ते पाण्यात जाणार. पक्ष्यांसाठी आपण जातोय आणि त्यांच्या पाण्यावर पेट्रोलचा तवंग सोडतोय हे मला अजिबात पटत नाही. सहाला बाहेरची 12 लिटरची टाकी जोडता येते. रिव्हर्स गिअरही मिळतो, छोट्यांत बऱ्याचदा नसतो, अख्खं इंजिनच उलटं फिरवावं लागतं.

टूस्ट्रोक की फोरस्ट्रोक हा वाद आपल्याकडं जुन्या बाईकवरून आलेला आहे त्यामुळं लोक जीव तोडून भांडतात. टूस्ट्रोक हलकं, खोलायला सोपं, गावातला पंपसेटवाला मिस्त्री पण बघू शकतो हे मान्य. पण 50 लिटरला 1 लिटर ऑइल पेट्रोलमधे मिसळायचं आणि त्यातलं बरंचसं न जळता सायलेन्सरमधून थेट पाण्यात, कारण यांचा धूर पाण्याखालीच सुटतो. आणि हे पाणी भुसावळसकट कितीतरी गावं पितात. म्हणून फोरस्ट्रोक. फक्त एक लक्षात ठेवा, फोरस्ट्रोक गाडीत आडवं ठेवताना कुठल्या बाजूवर ठेवायचं ते कंपनीने खुणेने दाखवलेलं असतं, उलट्या बाजूवर ठेवलं की ऑइल सिलेंडरमधे उतरतं.

इलेक्ट्रिकचा विचार मी मनापासून केला. आवाज नाही, धूर नाही, पक्षी उठत नाहीत. जळगावच्या मेहरूण तलावासारखं पाणी असेल तर मी दुसरं काही घेणारच नाही. पण 55 पाउंड थ्रस्टची (म्हणजे ढकलायच्या जोराची) 12 व्होल्टची मोटर फुलवर 50 अँपिअर ओढते, म्हणजे 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी दोन तासात रिकामी, आणि साधी लेड अॅसिडची घेतली तर ती एकटीच 30 किलोच्या आसपास. वाऱ्यात अडकलं तर परत यायचं कसं. पेट्रोलवाल्यानेच जायचं, थवा दिसला की लांबूनच बंद करायचं आणि पुढे वल्ह्यानं, असं ठरलंय.

शाफ्टची लांबी हा प्रकार दुकानदार स्वतःहून सांगेलच असं नाही. ट्रान्समच्या वरच्या कडेपासून बोटीच्या तळापर्यंत टेप लावा. 38 सेंटीमीटर म्हणजे 15 इंचाच्या आसपास आलं तर शॉर्ट शाफ्ट, 20 इंच आलं तर लाँग. इंजिनावर पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते ती बोटीच्या तळाच्या लेव्हलला किंवा इंचभर खाली पाहिजे. वर राहिली तर पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसतं भुंगतं, खूप खाली गेली तर गाळात घासते. आपल्या उथळ पाण्यात लाँग शाफ्ट चुकूनही नको.

आणि गाळ. इंजिन थंड ठेवायला खालून नदीचंच पाणी ओढलं जातं, आत रबराच्या पाकळ्यांची एक छोटी चकती असते, इम्पेलर, ती फिरून पाणी वर चढवते. मागच्या बाजूनं एक बारीक धार सतत बाहेर पडते. ती धार म्हणजे पाणी चढतंय. धार बारीक झाली किंवा थांबली की लगेच इंजिन बंद करायचं, विचार करत बसायचं नाही, जलपर्णी अडकली असेल नाहीतर गाळ. पूर्णेच्या मातीने या पाकळ्या झिजतात, म्हणून एक इम्पेलर जादा घेऊन ठेवायचा, आपल्याकडं तो दुकानात मिळणार नाही. घरी आलं की शेतात औषध कालवायला वापरतात तो निळा ड्रम चांगला धुवून, पाणी भरून त्यात इंजिन लटकवून दहा मिनिटं चालवायचं, आत अडकलेली माती निघून जाते. कोरडं मात्र एकदाही चालू करू नका, पाकळ्या जळतात.

तंगूसच्या, म्हणजे नायलॉनच्या, जाळ्याचा तुकडा पंख्याच्या मागे गुंडाळला गेला तर तो सील कापतो आणि गिअरमधे पाणी शिरतं. खालचा स्क्रू उघडून थेंबभर ऑइल बघायचं, दूध घातलेल्या चहासारखं पांढुरकं दिसलं की सील गेलं. पेट्रोल आता सगळीकडं 20 टक्के इथेनॉलवालं आहे, ते हवेतला ओलावा ओढतं, म्हणून परत येताना शेवटी टाकीची नळी काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. आपलं इंजिन वर्षातले आठ महिने बंद पडून राहणार आहे, त्यामुळं हे केलंच पाहिजे.

तर आमचं ठरलं 6 एचपी, फोरस्ट्रोक, शॉर्ट शाफ्ट, दोरी ओढून चालू होणारं. बोटीला इंजिन लागलं की 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्याचा विषय येतो, आणि धरणात उतरायचं म्हणजे पाटबंधारे खात्याची परवानगी, ते कागद आत्ताच करायला घेतलेत. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोहता येणाऱ्यालाही. आणि लाल किल-कॉर्ड, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी, चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही हे मी आत्ताच ग्रुपवर लिहून टाकलंय, कारण चालवणारा पाण्यात पडला आणि इंजिन चालूच राहिलं तर बोट गोल फिरून पंख्यासकट त्याच्याच अंगावर येते.