रिले घेताना कॉइल नंतर बघा, आधी कॉन्टॅक्ट

रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच, त्याचं काम दोन वाक्यात सांगून होतं. लोखंडी गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असते, ती कॉइल, तिच्यातून करंट गेला की गाभा चुंबक होतो आणि समोरची लोखंडी पट्टी खेचतो, पट्टीसोबत कॉन्टॅक्ट, म्हणजे करंट जोडणारं धातूचं टोक, सरकून पलीकडे टेकतो, टिक. करंट बंद झाला की स्प्रिंग पट्टी परत ओढते, झालं. 12 व्होल्टची छोटी कॉइल 30-40 मिलिअँपिअर खाते आणि तेवढ्यावर 10 अँपिअरचा लोड चालू-बंद होतो, वर कॉइलचं आणि लोडचं सर्किट एकमेकांना चिकटलेली नसतात, मधे नुसतं चुंबकीय क्षेत्र.

खरी गंमत कॉन्टॅक्टमधे आहे. छोट्या रिलेवर बऱ्याचदा 10 अँपिअर 250 व्होल्ट एसी लिहिलेलं असतं आणि त्याच्याच खाली 30 व्होल्ट डीसी, एवढा फरक का? कॉन्टॅक्ट सुटताना मधे ठिणगी पडते, एसीमधे 50 हर्ट्झला करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो म्हणून ती आपोआप विझते, डीसीत तो शून्यावर येतच नाही त्यामुळे ती जळत राहते आणि कॉन्टॅक्ट वितळून चिकटतात. हे न बघता बॅटरी बँकेवर साधा रिले लावणारे लोक बघितले की मला धडकी भरते. मोटरचंही तसंच, सुरू होताना ती कितीतरी पट करंट ओढते, तिथे 10 अँपिअरच्या आकड्यावर जाऊ नका.

कॉइलवर उलटा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावायलाच हवा, नाहीतर बंद करताना कॉइल जो उलटा व्होल्टेज मारते त्यात कॉइल चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर उडतो. फक्त डायोडमुळे रिले सुटायला जरा उशीर होतो हे कोणी सांगत नाही.

जोसेफ हेन्रीने 1835 च्या सुमाराला केलेली ही आयडिया, पुढे तारायंत्रात लांबच्या लाईनवर कमजोर झालेला सिग्नल रिलेनेच पुढे ढकलला. जर्मन इंजिनिअर कोनराड त्सुझेचा 1941 चा झेड 3 कॉम्प्युटर तर अख्खा रिलेंवर चालायचा. आज गाडीचा हॉर्न, हेडलाईट, फ्रीज, स्टॅबिलायझर, सगळीकडे आहेच. मला सगळ्यात आवडतो तो रेल्वे सिग्नलचा रिले, त्यात स्प्रिंगवर भरवसाच नाही, पट्टी स्वतःच्या वजनाने खाली पडते, म्हणजे वीज गेली किंवा तार तुटली तरी सिग्नल लालच होणार.