स्प्रिंग हातात आली

गाडी खाली बसवायची हौस मला वाईट वाटत नाही. जुनी मारुती झेन दीड इंच खाली बसली की खरंच देखणी दिसते, वळणावर कमी कलते, आणि ज्या पोराने ती मामाकडून नाहीतर कुठून तरी स्वस्तात घेतली, त्याला ती आपली वाटायला लागते. अमळनेरला माझं गॅरेज आहे. शॉकअप-स्प्रिंगच्या कामासाठी पारोळ्याहून, चोपड्याहून, कधी शिरपूरहूनही पोरं येतात. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, "पैसा कितला लागतीन?" तो प्रश्न रास्त आहे. माझं भांडण आहे ते पैसे कुठे वाचवायचे याच्याशी.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच झाली होती. त्या दिवसांत मी शटर भल्या सकाळी उघडतो, कारण अकरानंतर पत्र्याखाली पाना हातात धरवत नाही. दारात एक चंदेरी झेन उभी होती, एमएच १९ पासिंगची, जमिनीला टेकेल इतकी खाली. पोरगा विशीतला. म्हणाला, "आप्पा, ब्रेकरवर गाडी लई उडस. मांगून खडाक खडाक आवाज येस."

पुढचे टायर बघितले. बाहेरून नक्षी शाबूत, आतल्या कडेने तारा दिसायला लागलेल्या. गाडी खाली केली की लोक याचा दोष कॅम्बरला देतात. चाकाची वरची बाजू थोडी आत झुकते हे खरं, पण तेवढ्याने टायर इतक्या लवकर जात नाही. चाकाला धरणारे लोअर आर्म आणि टाय रॉड दोन्हींचे कोन बदलतात, त्याने टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, बिघडतो, चाकं सरळ न चालता रस्त्यावर घासत राहतात. टायर खातो तो मुख्यतः हा टो. अलाइनमेंटचे काही शे रुपये वाचवले आणि टायरचा जोड घालवला.

मग गाडी मागून जॅकवर घेतली, खाली टेकूच्या घोड्या लावल्या. चाकं खाली लटकली आणि डाव्या बाजूची स्प्रिंग बैठकीतून सरकून तिरपी झाली. मी हात घातला तर ती अख्खी बाहेर आली. पाना लागला नाही, जोर लागला नाही.

पोराला जवळ बोलावून ती त्याच्या हातात दिली. खालचे दोन वेढे एकमेकांवर बसलेले, मधे नख जाईना. तारेवर निळा-जांभळा पट्टा, जिथे आच लागली तिथे. बैठकीचं रबर वितळून काळं, हाताला चिकटणारं. हे बघितल्यावर विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं, "कोनी करं हाई?" कुठल्या गॅरेजात केलं ते त्याने सांगितलं. स्प्रिंग उतरवलीच नव्हती. गाडी उभी ठेवून चाकामागून गॅसची ज्योत मारली, लोखंड लाल झालं, गाडी आपल्या वजनाने बसली. चारही कोपरे अर्ध्या तासात.

ही पद्धत मला मनापासून नकोशी आहे, आणि कारण सोपं आहे. स्प्रिंगचं पोलाद कडक करून मग ठरावीक तापमानाला परत तापवून तयार केलेलं असतं. दबून पुन्हा उठायचा त्याचा गुण त्या पाणी देण्यात, म्हणजे त्या कडक करण्या-तापवण्यात आहे. लाल होईपर्यंत तापवलं, म्हणजे सातशे अंशांच्या आसपास नेलं, की तो गुण गेला. मग ती रोज थोडी थोडी बसत जाते, आणि चारही सारख्या बसत नाहीत. कोणी घाईने त्यावर पाणी ओतलं तर पोलाद ठिसूळ होतं आणि एक दिवस तुटतं. मागची स्प्रिंग बैठक सोडून उडाली आणि परत पडताना वाकडी पडली, तर ब्रेकर उतरल्यावर गाडी कुठल्या बाजूला जाईल ते चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

पण मला खरी भीती वाटली ती पुढचं उजवं चाक काढल्यावर. स्ट्रटला, म्हणजे पुढच्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीला, लागूनच ब्रेकचा रबरी होज जातो. त्याची वरची साल आचेने तडकली होती, बोटाने वाकवल्यावर आतले धागे दिसले. पोरगा याच गाडीत आईला घेऊन मनुदेवीच्या दर्शनाला जाऊन आला होता. मी त्याला होज दाखवला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग खिशातून पैसे काढून माझ्यासमोर मोजले. आठ हजार.

मी आधी सरळ सांगितलं ते कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड होऊ शकतो, दोन्हीही होऊ शकतं. त्यातून गाडी पंधरा वर्षं ओलांडलेली, दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागणार. त्याने ऐकलं, आणि तरी थोडी खाली हवीच म्हणाला. मी म्हटलं, दीड इंचाच्या पुढे मी जाणार नाही, आणि मूळ मापाच्या चार स्प्रिंगा तू घरात ठेवायच्या, उद्या उंची परत आणायची वेळ आली तर हुडकत फिरायला नको.

आठ हजारांतले निम्म्याहून जास्त चार नव्या शॉकअपमध्ये गेले. इथे मी कुणाचंच ऐकत नाही. जुने चारही गळत होते, कारण आधीच्या कामात बंप स्टॉपचे रबर काढूनच टाकले होते आणि दर खड्ड्यात दांडा आतून आपटत होता. होज दोन्ही बाजूंचे नवे. स्प्रिंगा मात्र भंगारातल्या घेतल्या, दोन पडीक झेनमधून चार-चार, न तापवलेल्या, न गंजलेल्या. पैसा वाचवायचाच तर इथे वाचतो.

त्यातला एक संच कापला. ग्राइंडरला पातळ कटर व्हील, शेजारी ओलं फडकं, थोडं कापायचं, थांबायचं, तार निळी पडू द्यायची नाही. कुठल्या टोकाने कापायचं ते बैठक बघून ठरतं, कारण कापलेलं टोक बैठकीतल्या खाचेत टेकलं पाहिजे. एका वेळी अर्ध्या वेढ्यापेक्षा कमीच. कापलेला वेढा परत जोडता येत नाही. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडकही होते, हे पोरांना माहीत नसतं. सहा वेढे काम करत असतील आणि त्यातला एक काढला, तर कडकपणा सहाला पाच या प्रमाणात, म्हणजे वीस टक्क्यांनी वाढतो. म्हणूनही जुने, ढिले शॉकअप चालत नाहीत. कडक स्प्रिंगची उसळी त्यांना आवरत नाही.

उंची मी जमिनीपासून मोजत नाही, टायरमधली हवा माप बिघडवते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतो. चारही ठिकाणी माप जुळल्यावर गाडी पुन्हा घोड्यांवर घेतली, चाकं लटकवली आणि पोराला सांगितलं, आता ओढ स्प्रिंग. त्याने दोन्ही हातांनी हलवून बघितली, जागची हलली नाही. गाडी किती का खाली असेना, चाक पूर्ण लटकलेलं असताना स्प्रिंग बैठकीत घट्ट असलीच पाहिजे. पुढच्या स्ट्रटचं काम स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लावूनच केलं. दाबलेल्या स्प्रिंगचा वरचा नट तसाच सोडणाऱ्याला मी माझ्या गॅरेजात उभं करत नाही.

अलाइनमेंट, हेडलाइटचा झोत आणि मग रस्ता. आमच्याकडे हीच खरी परीक्षा. गोलाकार गतिरोधकासाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद. गावोगावचे ब्रेकर हातभर रुंद आणि गुडघ्याकडे झेपावणारे. शिवाय काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा डांबरी रस्ता लाटा मारतो. चाकाला वर जायला जागा लागते तशी खाली यायलाही लागते. मुंबई-आग्रा महामार्गावर दोन इंच खाली केलेली गाडी निभावेल, तापीकाठच्या गावरस्त्याला चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, फोडून घेईल. माझा दीड इंचाचा हट्ट त्यामुळे आहे. गॅरेजातली पोरं धरून चौघे गाडीत बसलो आणि चोपडा रस्त्याला लागलो. पहिल्या ब्रेकरला गाडी एकदाच दबली, एकदाच उठली. आवाज नाही. पोरगा स्टिअरिंगवर होता, त्याने पुढचा ब्रेकर मुद्दाम थोडा जोरात घेतला आणि माझ्याकडे बघून हसला.

टायरचे पैसे त्याच्याकडे उरले नव्हते. १४५/७० आर १३ चे दोन वापरलेले, पण नीट झिजलेले टायर मी शेजारच्या पंक्चरवाल्याकडून उधारीवर बसवून दिले. तारा दिसणाऱ्या टायरवर मी त्याला जाऊ देणार नव्हतो.

पावसाळा संपल्यावर तो आला, उधारी फेडायला. टायरवर हात फिरवला, आत-बाहेर सारखी झीज. शॉकअप कोरडे. पैसे देऊन झाल्यावर म्हणाला, "आप्पा, आखो अर्धा इंच बठाडता यी का?" मी त्याच्या बरोबरच्या तिघांना गाडीत बसवलं, त्याला टेप दिला आणि चेंबरखालचं अंतर त्यालाच मोजायला लावलं. तो वाकून मोजत होता. उठला, टेप गुंडाळला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या."