कांद्याची गाडी, सीमानाका आणि 15 मार्च: माझा अनुभव

बांगलादेशात कांदा पाठवणे अवघड आहे का, असे आमच्या निफाड तालुक्यातले अनेक जण मला विचारतात. कागदपत्रे अवघड नाहीत. आयात-निर्यात कोड, अपेडाची (शेतमाल निर्यातीच्या सरकारी प्राधिकरणाची) नोंदणी, बँकेचा एडी कोड (परकीय चलनाच्या व्यवहारासाठीचा क्रमांक) आणि माल तपासून मिळणारे फायटोसॅनिटरी, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचे, प्रमाणपत्र ही कामे जाणता क्लिअरिंग एजंट असेल तर सहज होतात आणि त्यांविषयी माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती मार्च 2023 मध्ये पश्चिम बंगालच्या सीमेवर आमच्या दोन गाड्या ज्या वाहनतळावर अडकल्या, त्या वाहनतळाविषयी. नाका कोणता ते मुद्दाम लिहीत नाही. पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर आणि हिली यांपैकी एक, एवढे पुरे.

त्या फेब्रुवारीअखेरीस लासलगावला लाल कांद्याला क्विंटलमागे पाचशे रुपयेही मिळत नव्हते. मार्चअखेरीस रमजान लागणार असल्याने पलीकडून मागणी मात्र चांगली होती. तिकडे डॉलरची चणचण असल्यामुळे आयातदाराची एलसी, म्हणजे पैसे देण्याची त्याच्या बँकेची हमी, उशिरा उघडली, पण उघडली. खळ्यावर प्रतवारी करून मध्यम आकाराचा, पत्ती न सुटलेला माल आम्ही गोण्यांत भरला आणि सुमारे दोन हजार किलोमीटरच्या प्रवासाला गाड्या रवाना केल्या. मी रेल्वेने पुढे गेलो.

वाहनतळावर पोहोचल्यावर चालकाच्या हातात एक पावती पडते आणि तिथून पुढे सगळे थांबते. नोंदणी ऑनलाइन झालेली होती, वेळही मिळालेली होती. परंतु त्या दिवशी गाडी सुटली नाही, कारण आदल्या दिवशी पलीकडे गेलेल्या गाड्या अजून खाली झाल्या नव्हत्या. भारतीय ट्रक सीमेपलीकडच्या आवारापर्यंतच जातो, तिथे माल बांगलादेशी ट्रकमध्ये चढवला जातो आणि आपला ट्रक रिकामा परततो. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी जून 2015 मध्ये थिम्फू येथे एकमेकांच्या गाड्या एकमेकांच्या देशात चालू देण्याचा करार केला आहे, पण आमच्या चालकाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तिकडचे हमाल, तिकडची जागा आणि तिकडचे ट्रक जितके मोकळे असतील तितक्याच गाड्या इकडून सुटतात. हे मला वाहनतळाच्या खिडकीवरच्या माणसाने सांगितले नाही. तो प्रत्येकाला फक्त ‘उद्या’ म्हणत होता. नंबर पुढे घेण्याचा भाव मात्र शेजारच्या टपरीवर चहा पिताना कोणीही सांगत असे.

चौथ्या-पाचव्या दिवशी ताडपत्री उचलून पाहिली, तेव्हा खालच्या थरातून उबट वास येऊ लागला होता. लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा टिकत नाही; साठवणुकीच्या चाळीत ठेवण्याचा तो माल नव्हेच. ताडपत्री दिवसा मागून उघडी ठेवावी आणि रात्री दवासाठी झाकावी, हे मला एका पंजाबी चालकाने शिकवले; प्रत्येक निर्यातदाराने आपल्या चालकाला हे आधीच सांगून ठेवावे.

एजंटने सुचवले की दुसऱ्या नाक्यावर रांग कमी आहे, गाड्या तिकडे वळवू. पण फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रावर प्रवेशाचे ठिकाण छापलेले असते आणि आमच्या एलसीतही तोच नाका होता. दुरुस्ती मागायची तर आयातदाराच्या बँकेकडे जावे लागणार. बांगलादेशात बँकांना शुक्रवार-शनिवार सुट्टी, आपल्याकडे रविवारी; गुरुवारी दुपारी पाठवलेल्या पत्राचे उत्तर सोमवारआधी हाती पडत नाही. म्हणून एलसीचे काम सोमवार ते बुधवारच्या हिशेबाने आखावे आणि शक्य असेल तर तिच्यात दोन नाक्यांची नावे घालून घ्यावीत.

त्याच सुमारास खरा धोका कळला. पलीकडे कांदा आणायला तिथल्या कृषी विभागाचा आयात परवाना लागतो, आणि त्या परवान्यांची मुदत 15 मार्चला संपत होती. फरिदपूर-पाबना भागातला नवा कांदा बाजारात येत असल्याने, आपल्या शेतकऱ्यांचा भाव पडू नये म्हणून, त्यांचे सरकार पुढचे परवाने देणार नव्हते. मला याचा संताप आला, पण त्यांना दोष देता आला नाही. 29 सप्टेंबर 2019 रोजी आणि पुन्हा 14 सप्टेंबर 2020 रोजी आपण रातोरात निर्यातबंदी केली होती; पहिल्या खेपेला तिकडे कांदा किलोला दोनशे टाक्यांच्या (टाका हे तिकडचे चलन) वर गेला आणि दिल्लीत आलेल्या शेख हसीनांनी आपल्या स्वयंपाक्याला कांदा न वापरण्यास सांगितल्याचे हसत ऐकवले. त्यानंतर बांगलादेशाने स्वतःचे कांदाक्षेत्र वाढवायला घेतले, यात नवल नाही. पेट्रापोलजवळचे आपले बनगाव 1947 पूर्वी आता बांगलादेशात असलेल्या जेसोर जिल्ह्यातच होते. फाळणीची रेषा पडल्यावर एक जिल्हा दोन देशांत वाटला गेला, 1965 च्या युद्धाने रेल्वेही तोडली, आणि आज निफाडच्या शेतकऱ्याचा भाव ढाक्यातल्या एका तारखेवर आणि पाबनाच्या शेतकऱ्याचा भाव दिल्लीतल्या एका अधिसूचनेवर ठरतो.

मुदतीच्या तोंडावर पहिल्या गाडीचा कारपास, म्हणजे सीमा ओलांडण्याचा कस्टमचा परवाना, झाला. फाटकातून ती पलीकडे जाताना मला जो आनंद झाला तो मालाच्या किमतीच्या मानाने जरा जास्तच होता. दुसरी गाडी राहिली ती राहिलीच. ती कोलकात्याच्या पोस्ता बाजारात वळवली, तिथे खालचे थर निवडून काढावे लागले आणि भाड्याची जेमतेम भरपाई झाली. गाडी अडली तर जवळच्या मोठ्या बाजारातल्या एखाद्या आडत्याचा नंबर आधीपासून खिशात असावा, हे इथेच सांगून ठेवतो.

त्याच दिवसांत आपल्याकडे दिंडोरीहून शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईकडे निघाला होता आणि सरकारने लाल कांद्याला क्विंटलमागे अनुदान जाहीर केले, जे पुढे 350 रुपयांवर स्थिरावले. ते बाजार समितीत विकलेल्या मालाला होते. वाहनतळावर सडलेल्या गोणीसाठी कुठेही रकाना नव्हता.

बांगलादेशाने 5 जूनपासून परवाने पुन्हा सुरू केले. त्या वेळी मी आयातदाराकडून परवान्याची प्रत मागवली, तिच्यावरची शेवटची तारीख स्वतः वाचली आणि प्रवास, वाहनतळ व दोन्हीकडच्या सुट्ट्या वजा करून हातात दिवस उरतात याची खात्री झाल्यावरच चाळ उघडली. एजंट हसला. 19 ऑगस्टला आपल्या सरकारने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावले, तेव्हा आमची शेवटची गाडी पलीकडे खाली होऊन परतीच्या वाटेला लागली होती.