जाडीचा रकाना

शिवणकामाचा टेप साठ इंचांचा असतो. एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर. बावीस वर्षं रस्ते आणि गटारी मोजत हिंडलो, पण हा टेप कधी हातात धरला नव्हता. आमचा टेप तीस मीटरचा, फायबरचा, आणि तो धरायला दोन माणसं लागतात. डिसेंबर 2019 मधल्या एका सोमवारी एका बाईनं तसला पिवळा टेप पर्समधून काढून माझ्या टेबलावर ठेवला, आणि मला घाम फुटला.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका कार्यालयात शाखा अभियंता होतो. कार्यालयाचं नाव टाकत नाही. मी रिटायर झालो असलो तरी ओळखीची माणसं तिथं अजून नोकरीला आहेत, आणि यातली चूक तशीही माझीच आहे. माझ्याकडं करवीर तालुक्यातली वीसेक गावं. गल्लीतले काँक्रीट रस्ते, आरसीसी गटारी, समाजमंदिरं, शाळेच्या खोल्या. मोटारसायकलवरून दिवसाला चार साइटी व्हायच्या. चार व्हायच्या म्हणजे चार ठिकाणी गाडी स्टँडला लागायची, इतकंच.

त्या सोमवारी तीनच्या सुमारास चौघं आले. शिलाईकाम करणाऱ्या त्या ताई, त्यांचा कॉलेजातला भाचा, एक रिटायर गुरुजी आणि एक गवंडी. हेडक्लार्कनं नेहमीचं विचारलं, "काय काम?"

"फाइल बघायची हाय. आमच्या गल्लीच्या रस्त्याची. एम.बी.सकट."

"त्याला अर्ज करावा लागतो. दहा रुपयांचं तिकीट लावून. तीस दिवसांत उत्तर येईल."

गुरुजींनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला कागद काढला. 26 नोव्हेंबर 2018 चं सामान्य प्रशासन विभागाचं परिपत्रक. जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख बघू द्यावेत, असं त्यात आहे. पुणे महापालिकेनं 2009 मध्ये ही पद्धत सुरू केली होती, ती पुढं राज्यभर आली. आमच्याकडं हे परिपत्रक आलं होतं, आवकला नोंद होती, आणि वर्षभरात त्याचा आधार घेऊन एकही माणूस आला नव्हता. हेडक्लार्कनं कागद उलटून पालटून बघितला, मग माझ्याकडं बघितलं. गुरुजी शांत उभे. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात एन. डी. पाटील सरांच्या मागं भर उन्हात मोर्चात चाललेला माणूस, तो काय हेडक्लार्कला भिणार!

मी म्हटलं, "या, बसा. चहा सांगू?"

"नगं सायेब," ताई म्हणाल्या. "चहा घेटला की गावात म्हंत्यात, मिटलं."

इथं एक कबूल करतो. माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन येणाऱ्या माणसाला आम्ही आपसांत 'आरटीआयवाला' म्हणायचो, आणि तो शब्द उच्चारताना तोंड वाकडं व्हायचं. त्याला कारणही होतं. अर्ज टाकायचा, ठेकेदाराला गाठायचं आणि पाकीट मिळालं की अर्ज मागं घ्यायचा, असा धंदा करणारे तिघं-चौघं आमच्या ओळखीचे होते. पण त्यांचा एक फायदा आम्हाला होता, हे तेव्हा कळत नव्हतं. ते होते म्हणून खरं विचारायला येणाऱ्यालाही त्याच पंगतीत बसवता यायचं. चहाला नाही म्हणणारी बाई आल्यावर मला पहिल्यांदा काय बोलावं सुचेना.

एम.बी. म्हणजे मोजमाप पुस्तिका. बाहेरच्या लोकांना ती फारशी माहीत नसते, पण ठेकेदाराला मिळणारा पैसा न् पैसा तिच्यातून जातो. पानांना छापील नंबर असतात. फाडायचं नाही, खोडायचं नाही. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही करायची. रकाने ठरलेले: कामाचा तपशील, नग, लांबी, रुंदी, जाडी आणि शेवटी गुणाकार. खाली अभियंत्यानं लिहून द्यायचं की ही मोजमापं मी स्वतः जागेवर घेतली. मग उपअभियंत्याची तपासणी, मग बिल.

पान उघडलं. नग 1, लांबी 120, रुंदी 3, जाडी 0.15. परिमाण 54 घनमीटर. अक्षर माझं, आणि चांगलं वळणदार.

गवंड्यानं पानावर बोट ठेवलं. "शून्य पॉइंट पंधरा म्हंजे अर्धा फूटच की वं?"

"हो. पंधरा सेंटिमीटर."

ताईंनी टेपाशेजारी वही ठेवली. ब्लाउजची मापं लिहायची वही. पुढच्या पानांवर छाती, कंबर, बाही. मागच्या बाजूनं रस्ता. नऊ जागा लिहिल्या होत्या. मोरीपाशी, चक्कीसमोर, पिंपळाखाली, आणि पुढं आकडे: चार, पावणेचार, चार, साडेतीन, चार… सगळे इंचांत.

हे आकडे त्यांना मिळाले पुरामुळं. 2019 च्या ऑगस्टचा पूर कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांला इशारा आणि 43 फुटांला धोका; त्या वर्षी पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. शिरोलीपाशी हायवे बंद पडला, शहरात दूध-पेट्रोलची मारामार झाली. या गावात तर कैक दिवस पाणी होतं. ते उतरलं तेव्हा रस्त्याच्या कडेचा मुरूम वाहून गेलेला, आणि काँक्रीटची कड कापलेल्या केकसारखी उघडी पडलेली. एरवी ही जाडी कुणाला दिसत नाही. कामाच्या ठिकाणी माहिती फलक लावतात, त्यावर लांबी असते, रक्कम असते, ठेकेदाराचं नाव असतं. आमच्या फलकांवर जाडी मी कधी लिहिलेली नव्हती. लांबी-रुंदी कुणीही पावलांनी मोजील. जाडी जमिनीत पुरलेली.

त्यांनी आधी ग्रामसभेत विचारलं होतं. पहिली सभा गणपूर्तीअभावी तहकूब. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, यातलं जे कमी असेल तेवढी लागतात. तेवढीही जमली नाहीत. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, ती झाली. ताईंनी विषय काढला, तर उत्तर मिळालं, "हे वरच्या हापिसाचं काम." ताई म्हणाल्या, "मग तसं प्रोसिडिंगला लिवा." तेवढ्यासाठी म्हणे अर्धा तास वाद झाला. पण लिहून घेतलं, आणि त्या ठरावाची नक्कलही त्यांच्या पिशवीत होती.

मी अभियंत्याचं शस्त्र काढलं. "कडेला काँक्रीट पातळ पडतंच. मधे भरतं. कडेवरून अंदाज धरता येत नाही." हे पूर्ण खोटं नाही, म्हणून ते आम्हाला आवडतं.

"मोरीपाशी पार आडवा तुटलाय न्हवं," गवंडी म्हणाला. "ह्या कडंपास्नं त्या कडंपतूर. मदी बी चारच हाय." मग त्यानं बोटांवर हिशेब घातला. "चारशे फूट धरा, दहा फूट रुंदी, दोन इंच कमी. साडेसहा ब्रास आन् वर काय असंल ते." मी मनात घनमीटरमध्ये ताडून बघितलं. चोपन्नाच्या ठिकाणी छत्तीस. अठरा घनमीटरचा फरक, म्हणजे सहा ब्रासवर (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). बरोबर होता.

भाच्याचा आवाज एवढ्या वेळात पहिल्यांदा आला. "सर, ही सही कोणाची?"

"माझी."

"म्हणजे तुम्ही मोजलं होतं?"

पंख्याचा आवाज येत होता, एवढं आठवतं. हेडक्लार्क कागदात डोकं घालून बसला.

त्याचं खरं उत्तर असं होतं. काम झालं फेब्रुवारीत. लोकसभेची आचारसंहिता कधीही लागेल म्हणून सगळीकडं घाई. काँक्रीट पडणार त्या दिवशी सकाळी मी गेलो होतो. कडेनं काँक्रीट अडवणारी चॅनेल लावलेली होती, त्यांची उंची मी बघितली, बरोबर होती. मिक्सर सुरू झाला, पहिले काही मीटर माझ्यासमोर पडले. मग दुसऱ्या गावातून फोन आला आणि मी निघालो. मार्चअखेर बिलाची गडबड. एका दुपारी लांबी-रुंदी टेपनं घेतली, आणि जाडी लिहिली अंदाजपत्रकात होती तीच. पैसे घेऊन लिहिली नाही. हे सांगितलं की लोक गालात हसतात, हसू देत. मला त्या दुपारी सगळ्यात जास्त लाज वाटली ती याचीच, की हे मी कुणाच्या दबावाखाली केलं नव्हतं. सवयीनं केलं होतं. 0.15 लिहिताना पेन थांबलंसुद्धा नव्हतं.

"जाडी मोजलेली नाही," मी म्हणालो.

ताईंनी भाच्याला सांगितलं, "लिव." त्यानं लिहिलं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते कागदोपत्री आहे आणि कागदोपत्री गोष्टी कंटाळवाण्या असतात. गुरुजींनी पुढच्याच आठवड्यात माहितीचा अर्ज टाकला. आपल्याकडं त्याला दीडशे शब्दांची मर्यादा आहे. गुरुजींनी चाळीस शब्दांत बसवला. लोकांना वाटतं या कायद्यात फक्त झेरॉक्स मागता येते. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम 2(ञ) वाचा: कामाची पाहणी करता येते, टिपणं घेता येतात आणि साहित्याचे प्रमाणित नमुनेसुद्धा मागता येतात. गुरुजींनी रस्त्याचा नमुना मागितला होता. नोकरीत असा अर्ज मी पहिल्यांदा बघितला. वरिष्ठांनी विचार केला की नमुना देण्यापेक्षा संयुक्त पाहणी लावलेली बरी, आणि कोअर, म्हणजे रस्त्यातून आरपार कापलेला काँक्रीटचा दंडगोल, काढायचं ठरलं. ठेकेदार दोष दायित्व कालावधीत होता, म्हणजे कामातली खोट स्वखर्चानं काढून द्यायची त्याची मुदत संपलेली नव्हती, आणि त्याची अनामत आमच्याकडं होती, त्यामुळं त्याला फार तोंड उघडता आलं नाही. शेवटी बराचसा रस्ता त्यानं स्वखर्चानं पुन्हा केला. मला कारणे दाखवा नोटीस निघाली, एक वेतनवाढ थांबली. घरी बायकोनं एकच विचारलं, "पेपरात नाव येणार का?" नाही आलं.

मला सांगायचा आहे तो कोअरचा दिवस.

जानेवारीतली सकाळ. टेम्पोतून मशिन उतरलं, जनरेटर, पाण्याचा ड्रम. निम्मं गाव कठड्यांवर आणि उंबऱ्यांवर. कोअर कटर म्हणजे पोकळ नळीसारखं पातं, ते फिरत काँक्रीटमधून खाली जातं आणि आत दंडगोल उरतो. पाणी सोडावं लागतं, करडा चिखल उडतो. ताई शिलाईचं दुकान बंद करून आल्या होत्या. जागा कुठल्या घ्यायच्या यावर थोडी बाचाबाची झाली. अखेर ठरलं: एक चक्कीसमोर, एक मोरीजवळ आणि एक रस्ता जिथं सुरू होतो तिथं, मारुतीच्या देवळापुढं.

चक्कीसमोरचा कोअर निघाला. मदतनिसानं तो धुतला, खडी चमकायला लागली. मी पट्टी लावणार तोवर ताईंनी टेप काढला. दहा सेंटिमीटर आणि वर दोन रेघा. पंचनामा लिहिणाऱ्यानं लिहिलं. मोरीजवळचा साडेनऊ. ठेकेदाराचा मुकादम बाजूला जाऊन फोनवर बोलू लागला. कठड्यावरून कुणीतरी म्हणालं, "पापड लाटलाय रं, पापड!" आणि हशा झाला. मीही हसलो असतो, पण मी त्याच पंचनाम्यात होतो.

देवळापुढचा कोअर निघायला वेळ लागला. पातं खाली जातच राहिलं. पाणी संपलं, पोरांनी देवळाच्या नळावरून घागर आणली. शेवटी दंडगोल बाहेर आला तो उंचीनंच वेगळा दिसत होता. ताईंनी टेप लावला. पुन्हा लावला, दुसऱ्या बाजूनं. पंधराच्या पुढं एक रेघ.

"हिथं कसा काय भरला?" गवंड्यानं मुकादमाला विचारलं. मुकादम काही बोलला नाही.

मला ठाऊक होतं. सकाळची वेळ, चॅनेल, मिक्सरचा पहिला घाणा. देवळाच्या पायरीवर मी उभा होतो, हातात ग्लास होता आणि चहा गरम होता म्हणून जरा जास्त थांबलो होतो.

"इथं मी होतो," मी म्हणालो.

ताई माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही. एखाद्याचं माप घेताना खांद्यापासून बघतात तसं. मग वही उघडून त्यांनी तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले, जागांच्या नावांसकट, आणि वही माझ्यापुढं धरली.

"सही करा सायेब. पंचनाम्याची वायली, ही आमची वायली."

मी पेन काढलं. मग ते पुन्हा खिशाला लावलं, त्यांच्या हातातला टेप मागून घेतला आणि चिखलात उकिडवं बसून तिन्ही कोअर पहिल्यापासून मोजायला घेतले.