तुम्ही विचारलंत म्हणून : दोन फुटांचा पट

मला हा प्रश्न दोन प्रकारचे लोक विचारतात. खारघरच्या गोल्फ कोर्सवर नव्याने यायला लागलेली मुलं विचारतात, "काका, तुमचं पटिंग एवढं कसं सुधारलं?" आणि चेंबूरला आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये कुणीतरी विचारतं, "त्या भोकात चेंडू ढकलायचा, त्यात शिकायचं काय असतं हो?" पटिंग म्हणजे तेच: होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, पटर नावाच्या काठीने चेंडू होलमध्ये ढकलणं. त्या एकेका फटक्याला पट म्हणतात.

दुसरा प्रश्न सुरू झाला तो ७ ऑगस्ट २०२१ नंतर. त्या शनिवारी सकाळी टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक पदकाच्या अगदी दारात उभी होती, आणि ज्यांनी जन्मात गोल्फ बघितला नव्हता ते चहा घेऊन टीव्हीसमोर बसले होते. तिचे फटके बरोबरच्या मुलींच्या मानाने बरेच आखूड पडत होते. तरी ती चार दिवस टिकली, ती बरीचशी पटरच्या जोरावर. शेवटच्या होलवरचा लांबचा पट गेला नाही आणि एका फटक्याने ब्राँझ हुकलं. तीनशे यार्डांचा फटका आणि एक वीत ढकललेला चेंडू, दोन्हींचा हिशेब एकच, हे त्या दिवशी आमच्या अख्ख्या मजल्याला कळलं.

मला ते जरा आधी कळलं होतं, आणि चारचौघांत कळलं होतं.

मी चव्वेचाळिसाव्या वर्षी गोल्फ शिकलो. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचा कोर्स घरापासून रिक्षाच्या अंतरावर, पण सभासदत्व आपल्या खिशाचं नव्हे. म्हणून सिडकोचा खारघर व्हॅली. रविवारी पहाटे पाचला निघायचं, वाशीचा खाडीपूल ओलांडायचा, आणि उन्हं चढायच्या आत आवरायचं. आमचं चौघांचं टोळकं ठरलेलं. त्यात एक रिवाज होता, बहुतेक सगळ्याच टोळक्यांत असतो. चेंडू होलपासून हातभर अंतरावर थांबला की समोरचा म्हणायचा, "उचला हो." म्हणजे गेला असं धरा. आपणही पुढच्या होलवर त्याला "उचला" म्हणायचं. लग्नातल्या आहेरासारखं, आलेलं परत करायचं.

अशी चार-पाच वर्षं गेली. मग एका कंपनीच्या स्पर्धेत आमची टीम शेवटच्या ग्रीनवर बरोबरीत आली आणि माझा पट उरला दोन फुटांचा. सपाट. मी सवयीने समोरच्याकडे बघितलं. तो चपलेतला खडा काढावा तसा बुटाशी काहीतरी करत होता. उचला म्हणायला तिथे कुणी नव्हतं, कारण एकूण फटके मोजायच्या स्पर्धेत प्रत्येक चेंडू होलमध्ये घालावाच लागतो. सोडून देण्याची मुभा फक्त समोरासमोरच्या मॅचमध्ये. मी पटर मागे नेला आणि एकदम जाणवलं, की गेल्या पाच वर्षांत आपण हा पट मारलेलाच नाही. चेंडू कडेवरून गरकन फिरून बाहेर आला. आमच्या साहेबांनी बक्षीस समारंभात त्याचा उल्लेख केला नाही. मला तेच जास्त लागलं.

नंतर वाचलं, की या बाबतीत मी फार मोठ्या माणसांच्या रांगेत आहे. १९६९ च्या रायडर कपमध्ये, म्हणजे ब्रिटन आणि अमेरिकेच्या संघांच्या लढतीत, इंग्लंडमधल्या रॉयल बर्कडेलला, शेवटच्या होलवर ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा साधारण दोन फुटांचा पट उरला होता. अमेरिकेच्या जॅक निक्लॉसने तो त्याला सोडून दिला आणि लढत १६-१६ अशी बरोबरीत सुटली. म्हणजे जगातलं सगळ्यात प्रसिद्ध "उचला". पुढच्याच वर्षी सेंट अँड्रूजला, १९७० च्या ब्रिटिश ओपनमध्ये, डग सँडर्सला जिंकायला शेवटच्या होलवर जेमतेम तीन फुटांचा पट हवा होता. तो चुकला. दुसऱ्या दिवशीच्या प्लेऑफमध्ये त्याला हरवलं ते याच निक्लॉसने. ती फटके मोजायची स्पर्धा, तिथे सँडर्सला "उचला" म्हणायची कुणाला सोयच नव्हती.

तर माझं पटिंग सुधारलं त्याचं पहिलं कारण हे: मी "उचला" घेणं बंद केलं. टोळक्याला ते आवडलं नाही. खेळ लांबतो, ऊन वाढतं, आणि "आम्ही काय तुम्हाला फसवतोय का" असंही ऐकून घेतलं. पहिल्या दोन महिन्यांत वडापावचे पैसे बहुतेक मीच भरले. पण बाकी काही न करता हे एवढं केलंत तरी तीन महिन्यांत फरक पडेल. तीन फुटांच्या आतला पट कौशल्याचा कमी आणि सरावल्या मनाचा जास्त असतो.

बाकीचं शिक्षण घरी झालं, आमच्या हॉलमध्ये. टीव्हीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत अकरा फूट. सुरुवातीला चेंडू टाइलवरच सोडला, तेव्हा कळलं की आमच्या हॉलला बाल्कनीच्या दिशेने उतार आहे. बिल्डरने हे कधी सांगितलं नव्हतं. मग सतरंजी अंथरली. मुंबईतल्या माणसाला माझा मनापासून सल्ला: पटिंग मॅटवर पैसे घालू नका, आडव्यातिडव्या नक्षीची नव्हे तर सरळ रेघांची सतरंजी घ्या. पटरचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, रेघेला काटकोनात आहे की नाही हे आपोआप दिसतं, आणि चेंडू रेघ सोडून गेला की कुणाला विचारायला नको.

हे तोंड सरळ असणं किती महत्त्वाचं, ते एकदा कागदावर मांडून बघितलं. होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. दहा फुटांवरून चेंडू एक अंश चुकीच्या दिशेने निघाला, तर होलपाशी तो दोन इंचांहून थोडा जास्त सरकलेला असतो. होलच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतरही तेवढंच. म्हणजे दहा फुटांवर आपल्याला जेमतेम एक अंशाची सूट आहे, पाच फुटांवर दोनेक अंशांची. आणि चेंडू कुठल्या दिशेने निघणार हे बहुतांशी ठरतं ते आघाताच्या क्षणी तोंड कुठे बघतंय त्यावर; हात कुठून कुठे गेला त्याचा वाटा कमी. हे कळल्यावर मी पटर मागे सरळ जातो की किंचित वळून, या वादातून अंग काढून घेतलं. कॅरमच्या दोन सोंगट्या चेंडूच्या वीतभर पुढे ठेवायच्या, मध्ये चेंडू जाईल एवढीच फट ठेवायची, आणि सोंगटीला न लागता चेंडू पलीकडे काढायचा. कोर्सवर हेच दोन टी, म्हणजे चेंडू ठेवायच्या खुंट्या, रोवून करतात. रोज वीस. लागोपाठ वीस जमले की जेवायला बसायचं, असा नियम केला होता. बायकोने तो दुसऱ्या आठवड्यात रद्द केला.

पटर धरायचा किती घट्ट, हे शब्दांत सांगणं अवघड. मला उमगलं ते गणपतीत. आरतीचं तबक आपण कसं धरतो? पडू नये इतपत घट्ट, पण निरांजनाची ज्योत हलू नये इतपत सैल. आणि ओवाळताना मनगट मुरडत नाही, दोन्ही हात खांद्यापासून एकत्र फिरतात. तसंच. मनगट मध्ये आलं की ज्योत फडफडते.

होलच्या जागी मी आमटीची वाटी ठेवायचो. ती तीनेक इंचांची, होलपेक्षा लहान. महिनाभर वाटीवर नेम धरला की कोर्सवरचं भोक पातेल्याएवढं वाटायला लागतं. एकच तोटा, चेंडू वाटीला लागला की टण् वाजतं आणि हुकला की टाइलवरून गडगडत भिंतीवर जातो. एका रात्री साडेदहाला खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. अगदी शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्याकडे रात्री कोण गोट्या खेळतं का?"

मी माफी मागितली, वाटीखाली फडकं घातलं. पण गोट्यांचं ते डोक्यात राहिलं, आणि माझ्या मते पटिंगचं अर्धं गुपित त्यातच आहे.

लहानपणी आम्ही टाचेने गल खणायचो आणि पाच-सात पावलांवरून गोटी गलीत टाकायचो. हात किती मागे न्यायचा हे कुणी शिकवलं नव्हतं. गलीकडे बघायचं, हाताला कळायचं. आणि मी गोल्फमध्ये काय करत होतो? वीस फुटांना पटर एवढे इंच मागे, तीस फुटांना तेवढे इंच, असं वहीत लिहून ठेवलं होतं. चेंबूरमध्ये कोर्सच्या आसपासच्या वस्त्यांत कॅडीचं, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहायचं, काम करणारी पोरं वाकवलेल्या सळईने आणि प्लास्टिकच्या चेंडूने गल्लीत गोल्फ खेळतात. त्यांच्याकडे वही नसते.

मला ताळ्यावर आणलं ते खारघरच्या एका कॅडीने. मी पंचवीस फुटांच्या पटासाठी उकिडवा बसून लाइन, म्हणजे चेंडू कुठल्या वाटेने जाईल ते, बघत होतो. एकदा होलच्या मागून, एकदा पुढून. तो म्हणाला, "साहेब, लाइन तर सगळेच बघतात. पोचणार का ते बघा." मारला तेव्हा लाइन बरोबर होती आणि चेंडू सात फूट आधी थांबला. त्यानंतर महिनाभर मी हिशेब ठेवला. लांबच्या पटात माझी चूक डाव्या-उजव्या बाजूला क्वचितच दोन फुटांपेक्षा जास्त असायची. पुढे-मागे मात्र सहा, आठ, एकदा तर बारा फूट. एका होलला तीन पट लागतात ते दुसरा चुकल्यामुळे असं आपल्याला वाटतं. खरं तर पहिल्यानेच घात केलेला असतो.

तेव्हापासून लांबच्या पटाआधी सरावाचे दोन-तीन झोके मी चेंडूकडे नव्हे, होलकडे बघत घेतो. अमेरिकेचा नामवंत खेळाडू जॉर्डन स्पीथ काही काळ छोटे पट प्रत्यक्षातही होलकडे बघूनच मारायचा, तेव्हा यात वेडेपणा काही नाही. दुसरा सराव डोळे मिटून: पट मारायचा, आणि डोळे उघडायच्या आत मोठ्याने सांगायचं, "कमी," "जास्त," "बरोबर." सुरुवातीला अंदाज साफ चुकतात. पंधरा दिवसांत हात खरं बोलायला लागतो. हे रिकाम्या सरावाच्या ग्रीनवर करा, लोक बघतात.

किती जोरात, याचंही उत्तर आहे. नासातली नोकरी सोडून गोल्फच्या मागे लागलेल्या डेव्ह पेल्झने मोजमापं करून सांगितलं, की चेंडू हुकला तर होलच्या पुढे साधारण सतरा इंच जाईल, एवढा वेग चांगला. यापेक्षा जोरात आला तर तो कडेला लागून आत पडत नाही, वरून उडी मारून जातो. सतरा इंच म्हणजे एक हात. मी हातच धरतो.

आणि एक आकडा मनाच्या शांतीसाठी. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे व्यावसायिक खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. दिवसभर तेच करणारे, गालिच्यासारख्या ग्रीनवर. म्हणून आठ फुटांचा चुकला तर पटर बॅगेत आपटू नका. मी आपटायचो.

उतार डोळ्यांपेक्षा पायांना नीट कळतो, विशेषतः खारघरला. तिथे एका अंगाला डोंगर, पांडवकड्याची बाजू, आणि त्यांच्यामुळे डोळा हमखास फसतो: चढ सपाट वाटतो. चेंडू आणि होलच्या मधोमध उभं राहायचं आणि कुठल्या पायावर भार येतोय ते बघायचं. शंका आली तर डोंगरापासून लांब वळेल असं धरायचं. आपल्याकडच्या बर्म्युडा गवताला कलही असतो, म्हणजे पाती एका बाजूला झुकलेली असतात: तुमच्या बाजूने बघताना गवत चमकतं तेव्हा चेंडू पळतो, काळपट दिसतं तेव्हा अडखळतो. पावसाळ्यात गवत वाढलेलं, ओलं, सगळंच जड. जूनपासून जोर वाढवायचा आणि ऑक्टोबरात तो विसरायचा. दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला माझे चेंडू ग्रीनवरून पलीकडे जातात.

पटर कुठला, हे विचारू नका. तीन घेतले, सध्याचा जुन्या बाजारातला आहे. लांब दांड्याचा चालतो, पण २०१६ पासून तो पोटाला किंवा छातीला टेकवून मारता येत नाही. आणि २०१९ पासून झेंडा होलमध्ये ठेवून पट मारला तरी दंड नाही. मी ठेवतो, काढायला वाकावं लागत नाही.

पूर्वी अठरा होलच्या एका फेरीत मला एकेचाळीस पट लागायचे, आता चौतीसच्या आसपास लागतात. हॅंडिकॅप, म्हणजे खेळाडूचा दर्जा सांगणारा आकडा (कमी तेवढा चांगला), तेवढा उतरलेला नाही, कारण ड्राइव्ह, म्हणजे होलचा पहिला लांब फटका, अजून उजवीकडच्या झाडीतच जातो. त्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाहीत.

गेल्या रविवारी अठराव्या होलवर आमच्या टोळक्यातल्या सगळ्यात जुन्या भिडूचा पट उरला दोन फुटांचा. नाश्त्याची पैज होती. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी पांडवकड्याकडे बघत होतो.