रातांब्याची फांदी आपली जागा विसरत नाही

८ जून

मृग लागला. नर्सरीत रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, कलमांच्या पिशव्या मांडल्या गेल्या, आणि दरवर्षीप्रमाणे कुणीतरी म्हणणारच, "कलम कशाला? परसात कोयीपासून रातांबे फुकट रुजतात, तेच उपटून लावू." रुजतात खरे. पण रातांब्यात नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. कोयीच्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात आणि ते कळतं झाड फुलल्यावर, म्हणजे सात-आठ वर्षांनी. पानावरून आधीच ओळखतो म्हणणाऱ्याचं मनावर घेऊ नये.

फुलावर मात्र फसगत होत नाही. नराची फुलं झुपक्याने येतात, मधोमध पुंकेसरांचा दाट गोळा. मादीचं फूल बहुतेक एकटंच, आणि मध्ये गोल हिरवट गाठ. तीच पुढे रातांबा होते.

कलमाची गंमत याहून मोठी. मादी झाडाच्या आडव्या फांदीची काडी कोयीच्या रोपावर बांधली तर कलम जगतं, फळतंसुद्धा, पण उभं राहत नाही, जमिनीलगत पसरतं. मुळं दुसऱ्याची मिळाली तरी काडी फांदीसारखीच वागते. आधाराच्या काठीला बांधली तरी नवी फूट पुन्हा कलते. सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची काडी घेतली तरच उभं झाड. असे शेंडे एका झाडावर मोजकेच, म्हणून चांगल्या कलमांची टंचाई. यावर तोड म्हणजे मातृवृक्ष वरून छाटायचा आणि खोडावर फुटणाऱ्या उभ्या धुमाऱ्यांच्या काड्या घ्यायच्या.

विकत घेताना आधाराची काठी सोडून बघावी. फूट चहूबाजूंनी असेल तर घ्यावं. पंख्यासारखी एकाच पातळीत असेल तर ते पसरणार. लावल्यावर कलमाच्या सांध्याखालून येणारी फूट दिसेल तशी खुडायची. ती खुंटाची, म्हणजे खालच्या मुळं देणाऱ्या रोपाची असते, जोर धरला की वरची काडी मरते, आणि खुंट कोयीचा असल्याने नर निघायची भीती आहेच.

खड्डे ६० सेंटिमीटरचे, अंतर ६ मीटर. दहा माद्यांमागे एक नर ठेवावा. पहिले दोन उन्हाळे पाणी आणि सावली हवीच.

जात निवडताना फळाच्या आकाराला भुलू नये. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' लवकर तयार होते, आणि आमसुलाला तेच महत्त्वाचं. साल रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, असं चार-पाच वेळा करावं लागतं. मध्येच पाऊस गाठला तर सालीला बुरशी आलीच.

दारात आधीच नर उभा असेल तर मुळापासून तोडायची घाई नको. बुंधा राखून वरून छाटावा आणि नव्या धुमाऱ्यांवर मादीच्या काड्या बांधाव्यात. एखादी फांदी नराची तशीच ठेवली तर परागाचीही सोय होते.